आधी वीजबिल, मग रोप: सोसायटी, ग्रामपंचायत आणि कारखान्याने हरितगृह वायूंचा हिशोब शून्याकडे कसा न्यायचा

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे हवा तापवणारे वायू जेवढे सोडू तेवढेच शोषून घेण्याचं, उद्दिष्ट जाहीर केलं. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा काढला आणि शहरासाठी २०५० हे साल धरलं. ही सालं ऐकली की हे काम दिल्लीचं, मंत्रालयाचं किंवा मोठ्या कंपन्यांचं आहे असं वाटतं. पण मुंबईच्याच आराखड्यातला हिशोब बघा. २०१९ मध्ये शहरातून सुमारे २ कोटी ३४ लाख टन उत्सर्जन झालं. त्यातलं ७२ टक्के घरं, दुकानं, कार्यालयं आणि कारखान्यांत वापरलेल्या ऊर्जेचं, २० टक्के वाहतुकीचं आणि ८ टक्के कचऱ्याचं. म्हणजे विषय आपल्या लिफ्टचा, पंख्याचा, शेगडीचा, गाडीचा आणि कचऱ्याच्या डब्याचा आहे.

तरीही एखादी सोसायटी किंवा ग्रामपंचायत ‘पर्यावरणासाठी काहीतरी करूया’ म्हणते, तेव्हा पहिला कार्यक्रम ठरतो वृक्षारोपणाचा. झाडं लावायलाच हवीत, सावलीसाठी, पाण्यासाठी, पाखरांसाठी. पण वायूंच्या हिशोबात झाडाची पाळी शेवटी येते. पहिली पाळी वीजबिलाची. असं का, ते पुढच्या आकड्यांतून दिसेल. हे काम पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या सोसायटीच्या सचिवांसाठी, सरपंच-ग्रामसेवकांसाठी आणि कारखान्यात अचानक ‘कार्बनचं तुम्ही बघा’ असं सांगितलं गेलेल्या मंडळींसाठी हा लेख आहे.

पायरी १: हद्द आखा

कोणता धूर आपल्या खात्यात धरायचा, हे आधी ठरवावं लागतं. जगभर यासाठी तीन कप्पे वापरतात. स्कोप १ म्हणजे जे आपल्या हद्दीत जळतं किंवा गळतं: गॅस, डिझेल जनरेटर, एसीतला वायू, गावात गुरांच्या शेणाचा उकिरडा. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. ती आपल्या घरात धूर करत नाही, पण चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून करते. स्कोप ३ म्हणजे बाकी सगळं: येणंजाणं, विकत घेतलेला माल, सिमेंट, कचरा, विमानप्रवास.

पहिल्या वर्षी स्कोप ३ च्या मागे लागू नका. त्याला अंत नाही आणि त्यात अडकून बऱ्याच समित्या थकतात. स्कोप १ आणि २ पूर्ण करा, स्कोप ३ मधली फक्त वाहनं आणि कचरा घ्या. वर्ष एप्रिल ते मार्च धरा, कारण सोसायटीचं ऑडिट, ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक आणि कारखान्याची वह्या-खाती त्याच वर्षाची असतात. आणि एका माणसाचं नाव ठरावात घाला. समितीवर सोपवलेलं काम कुणाचंच नसतं, नाव लिहिलं की त्या माणसाला बिलं मागण्याचा अधिकार मिळतो.

पायरी २: कागद गोळा करा

वीजबिल हा या सगळ्या कामातला सर्वांत प्रामाणिक कागद. ते हातात घेतलं की रकमेकडे बघू नका, युनिटांकडे बघा. दर बदलतात, स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार वरखाली होतात, त्यामुळे रुपयांवरून वापर कळत नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो, तो एका वहीत महिन्यावार उतरवा. एक गोष्ट तपासा: रीडिंग प्रत्यक्ष घेतलंय की ‘सरासरी’वर बिल आलंय? मीटर बंद किंवा नादुरुस्त असेल तर महिनोन्महिने सरासरी बिल येत राहतं आणि तुमचा अख्खा हिशोब हवेत उभा राहतो. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या मोटरींबाबत तर हे आवर्जून बघा.

मग खालचे गुणक वापरा, म्हणजे वापराला त्यांनी गुणा, की उत्सर्जन निघेल. ढोबळ आहेत, पण सुरुवातीला पुरेसे आहेत:

- ग्रिडची वीज, १ युनिट: सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड (केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी नेमका आकडा काढतं)
- १४.२ किलोचा घरगुती गॅस सिलिंडर: सुमारे ४२ किलो
- पाइप गॅस, १ घनमीटर: सुमारे २ किलो
- पेट्रोल, १ लिटर: सुमारे २.३ किलो
- डिझेल, १ लिटर: सुमारे २.७ किलो
- सीएनजी, १ किलो: सुमारे २.७ किलो

कार्बन डायऑक्साइड सोडून बाकीचे वायू त्याच्या पटीत मोजतात. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन साधारण २८ पट, नायट्रस ऑक्साइड २७३ पट. मिथेन हवेत फार काळ टिकत नाही, म्हणून वीस वर्षांच्या मापाने तो ८० पटींच्या आसपास जातो. कचऱ्याचा ढीग आणि उकिरडा यांना इतकं महत्त्व का, त्याचं कारण हेच.

पायरी ३: एक बेरीज करून बघा

समजा, ४० घरांची सोसायटी आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिना आणि आवारातले दिवे मिळून कॉमन मीटर महिन्याला २,४०० युनिट दाखवतो. वर्षाचे २८,८०० युनिट, म्हणजे २० टन. घरांत सरासरी २०० युनिट महिना धरले तर वर्षाला ९६,००० युनिट, म्हणजे ६७ टन. घरटी वर्षाला आठ सिलिंडर धरले तर साडेतेरा टन. तीस दुचाकी आणि पंधरा गाड्या मिळून वर्षाला १०,८०० लिटर पेट्रोल जाळत असतील तर २५ टन. एकूण झाले सुमारे १२६ टन. यात कचरा, किराणा, कपडे, विमान, इमारतीचं सिमेंट काहीच धरलेलं नाही.

आता झाडाकडे या. वाढलेलं एक झाड वर्षाला साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं ढोबळमानाने धरतात. १२६ टनांसाठी ६,३०० वाढलेली झाडं लागतील, आणि तीही कायम जगलेली. नुकतं लावलेलं रोप पहिली काही वर्षं जवळपास काहीच शोषत नाही. ४० घरांची सोसायटी ६,३०० झाडं कुठे लावणार? त्याच सोसायटीने पंखे बदलले, गच्चीवर सौर पॅनल बसवलं, पंपाची दुरुस्ती केली, तर दोन-तीन वर्षांत ३५-४० टन कमी होतात. हे कसं होतं ते आता पाहू.

पायरी ४: सोसायटीत हात कुठे घालायचा

पंख्यापासून सुरुवात करा, कारण पंख्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. जुना सिलिंग फॅन साधारण ७५ वॉट खातो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा पंखा ३० ते ३५ वॉटमध्ये तेवढीच हवा देतो. ४० वॉटचा फरक, दिवसाला १२ तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १४४ युनिट वाचतात. घरटी चार पंखे म्हणजे सोसायटीत १६० पंखे, आणि वर्षाची बचत २३,००० युनिट, १६ टन. जिन्यातल्या दिव्यांवर तासभर चर्चा होते, पण जिन्यातले सगळे दिवे मिळून याच्या आसपासही येत नाहीत. सोसायटीने एकत्र खरेदी केली तर भावही कमी पडतो. हे मी प्रत्येक सभेत पहिल्यांदा मांडतो, कारण यात परवानगी लागत नाही, ठेकेदार लागत नाही आणि पुढच्याच बिलात फरक दिसतो.

पंप. रात्री वरची टाकी भरून पाणी पाइपातून गच्चीवर सांडत असतं, तो आवाज सगळ्यांना सवयीचा झालेला असतो. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवला, की तो आवाज थांबतो. गळका नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर चढवलेलं पाणी परत खाली उतरतं आणि मोटर तेच पाणी दुसऱ्यांदा चढवते. वॉचमनला विचारा, ‘मामा, मोटर दिवसातून किती वेळा लावता आणि किती वेळ चालते?’ त्यांच्या उत्तरात निम्मं ऊर्जा ऑडिट असतं.

एसी. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक विजेची: २४ अंशांवर ठेवा, फिल्टर धुवा, पंखा सोबत लावा. दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते, ती आतल्या वायूची. सध्याच्या बऱ्याच एसींत आर-३२ असतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ७०० पट तापवणारा आहे. त्याआधीचा आर-४१०ए २,००० पटींहून जास्त. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर वायू असतो. जागा बदलताना मेकॅनिकने नट ढिला करून तो हवेत सोडून दिला, की सुमारे ७०० किलो उत्सर्जन झालं, म्हणजे हजार युनिट विजेइतकं. दरवर्षी ‘गॅस भरावा लागतो’ असं कुणी सांगत असेल तर गळती आहे. आधी साबणाच्या पाण्याने किंवा नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधायला लावा, मग गॅस भरा. एसी काढताना वायू आउटडोअर युनिटमध्ये ओढून घेऊन, म्हणजे ‘पंप डाऊन’ करूनच काढायला सांगा.

आता छतावरचं सौर. महाराष्ट्रात एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, वर्षाला सुमारे १,४००. जागा साधारण १०० चौरस फूट लागते, बिनसावलीची. वरच्या उदाहरणातल्या सोसायटीला २० किलोवॉट बसवले तर २८,००० युनिट, म्हणजे कॉमन मीटर जवळपास पूर्ण भागतो. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत एकट्या घराला ३ किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. २० किलोवॉटला ३ लाख ६० हजार. अर्ज करण्याआधी योजनेच्या पोर्टलवर चालू अटी वाचा आणि पोर्टलवर नोंदणी असलेल्याच पुरवठादाराकडून काम करून घ्या.

गच्ची सगळ्यांची असते, म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. तिथे वरच्या मजल्यावरचे लोक हमखास विचारतात की गळती झाली तर कोण बघणार, पापड-मिरच्या कुठे वाळवणार. हे प्रश्न रास्त आहेत, त्यांची उत्तरं ठरावातच लिहा: वॉटरप्रूफिंग आधी होईल, छिद्र पाडण्याऐवजी वजनावर उभा राहणारा सांगाडा घेऊ, दोन ओळींमध्ये चालायला वाट राहील, एक कोपरा मोकळा राहील. पॅनल उंचावर घेतलं तर खालची जागा वापरता येते, पण वाऱ्याचा भार वाढतो, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्या. पाण्याच्या टाकीची आणि शेजारच्या इमारतीची सावली डिसेंबरात बघा, मे महिन्यात नव्हे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावल्या लांबतात. धुण्यासाठी गच्चीवर नळ आहे का, हेही तेव्हाच बघा. धूळ बसलेलं पॅनल कागदावरचे आकडे कधीच देत नाही.

शेगडी आणि गाडी यांच्याबाबत एक बारकावा. विजेवरचं ते सगळं स्वच्छ, असं समजू नका. आजच्या कोळशावरच्या ग्रिडवर इंडक्शन शेगडी तेवढ्याच स्वयंपाकासाठी गॅसच्या दुपटीच्या आसपास उत्सर्जन करते. छतावरची वीज आली, ग्रिड सुधारलं, की हे गणित उलटेल. तोवर शेगडी बदलण्याची घाई नको. इलेक्ट्रिक स्कूटरचं मात्र आजच जमतं. पेट्रोल स्कूटर किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास सोडते, इलेक्ट्रिक साधारण त्याच्या निम्मं, कारण पेट्रोल इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. अंघोळीच्या पाण्यासाठी सौर वॉटर हीटर गॅस आणि वीज या दोन्हींपेक्षा सरस.

ओला कचरा आवारातच कंपोस्ट करा. देवनारसारख्या क्षेपणभूमीवर तो दाबला गेला की हवा न मिळाल्याने मिथेन तयार होतो. तुमच्या टाकीतही हवा खेळली नाही तर तेच होईल, म्हणून सुका पालापाचोळा, नारळाचा भुसा मिसळा आणि आठवड्यातून दोनदा उलटापालट करा. वास यायला लागला तर समजा की आत हवा नाही.

पायरी ५: ग्रामपंचायतीत

गावाचा हिशोब सोसायटीपेक्षा वेगळा. इथे पंचायतीची स्वतःची वीज दोनच मोठ्या जागी जाते: पाणीपुरवठ्याची मोटर आणि पथदिवे. थकीत वीजबिलापायी नळयोजना बंद पडण्याचं दुखणं गावोगाव आहे, त्यामुळे ही बचत लोकांना समजावून सांगावी लागत नाही. पथदिव्यांचे जुने सोडियम बल्ब काढून एलईडी लावा, टायमर बसवा. मोटरीला कपॅसिटर आहे का, ती गरजेपेक्षा मोठी तर बसवलेली नाही, पाइपलाइन किती ठिकाणी गळते, हे बघा. गळणारं पाणी म्हणजे गळणारी वीजच. मग नळयोजनेच्या विहिरीजवळ किंवा पंचायतीच्या जागेवर सौरऊर्जेचा विचार करा. हे सगळं ग्रामपंचायत विकास आराखड्यात घातलं तरच त्याला पैसा मिळतो, नुसत्या ठरावाने मिळत नाही. राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेलं माझी वसुंधरा अभियान भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर गावांना गुण देतं. त्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे काय मोजायचं याची यादी आयती मिळते.

पण गावाचं खरं उत्सर्जन पंचायतीच्या कार्यालयाबाहेर आहे, शेतात आणि गोठ्यात. एक युरियाची गोणी घ्या. ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतं. त्यातला सुमारे एक टक्का नत्र जमिनीतल्या जिवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, असं आंतरराष्ट्रीय हिशोबात धरतात. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण तो वायू २७३ पट तापवणारा, म्हणून एका गोणीचे ९० किलोच्या आसपास होतात, दोन गॅस सिलिंडरांपेक्षा जास्त. कारखान्यात युरिया बनवतानाचं उत्सर्जन यात नाही. माती परीक्षण करून नेमका डोस देणं, तो विभागून देणं, ठिबकमधून देणं आणि उसात आंतरपीक म्हणून कडधान्य घेणं, यातून खतावरचा खर्चही वाचतो. शेतकऱ्याला हे वायूच्या भाषेत सांगू नका, गोणीच्या भाषेत सांगा.

उसाच्या पट्ट्यात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, जाळणं थांबवा. तोडणी झाली की काडी लावायची पद्धत अजून आहे, कारण पाचटात खोडव्याची, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाची, मशागत अवघड जाते. पाचट एक आड एक सरीत दाबून किंवा कुट्टी करून पसरलं, त्यावर थोडं नत्र आणि पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकलं, की ओलावा टिकतो, तण कमी येतं आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. पाचट कुट्टी यंत्र एकेकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. शेतकरी गटाने किंवा गावच्या शेती सहकारी सोसायटीने भाड्याने देण्यासाठी घेतलं तर गावभर चालतं.

गोबरगॅस. चार-पाच जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरचा संच चालतो आणि महिन्याला एक ते दीड सिलिंडर वाचतो. उघड्या उकिरड्यातून सुटणारा मिथेन शेगडीत जळतो, आणि बाहेर पडणारी मळी खत म्हणून शेतात जाते. पूर्वी बांधलेले कितीतरी संच बंद पडले, कारण शेण कालवायला रोज जवळपास शेणाइतकंच पाणी आणि वीस मिनिटं लागतात आणि हे काम बहुतेकदा घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं. संच देण्याआधी हा प्रश्न घरात विचारा: कालवणार कोण? उत्तर मिळाल्याशिवाय खड्डा खणू नका.

सौर कृषिपंपांसाठी राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आहे, त्यात सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. डिझेल पंप बदलत असाल तर फायदा सरळ आहे. पण दिवसभर फुकट उपसा सुरू झाला की भूजल खाली जातं, म्हणून पंपासोबत ठिबक आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद हवाच.

दोन गावं डोळ्यांपुढे ठेवा. केरळच्या वायनाड जिल्ह्यातल्या मीनंगडी पंचायतीने २०१६ मध्ये काम सुरू केलं ते मोजणीपासून. वर्षाला सुमारे ३३ हजार टन उत्सर्जन आणि झाडं-माती शोषत असलेले सुमारे २२ हजार टन, असा आकडा निघाला. मग उरलेल्या ११ हजार टनांसाठी त्यांनी कामं आखली. झाडांची त्यांची योजनाही विचार करण्यासारखी आहे: शेतकरी आपली झाडं बँकेकडे तारण ठेवतो आणि दरवर्षी झाडामागे ५० रुपये बिनव्याजी कर्ज मिळतं. झाड तोडलं तर पैसे परत करायचे. त्यामुळे झाड जगवण्यात शेतकऱ्याचा फायदा आला. आपल्याकडे भंडारा जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीला २०२४ च्या राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत कार्बन न्यूट्रल गटातला विशेष पुरस्कार मिळाला. तुमच्या ग्रामसेवकांना घेऊन एकदा बेल्याला जाऊन या. कागदावरच्या चार सूचनांपेक्षा दुसऱ्या सरपंचाचं बोलणं लवकर पटतं.

शहरांच्या पातळीवर एकच सांगतो. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये पहिल्यांदा क्लायमेट बजेट मांडलं, म्हणजे कोणत्या कामावर हवामानासाठी किती खर्च होतो ते अंदाजपत्रकात वेगळं दाखवलं. तुमच्या नगरपालिकेच्या नगरसेवकांकडे हीच मागणी करा. लेखाशीर्ष नसेल तर आराखडा कपाटात राहतो.

पायरी ६: कामाच्या जागी

एमआयडीसीतल्या लहान युनिटला हा विषय बहुधा ग्राहकाच्या ई-मेलमधून कळतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे, त्यामुळे मोठी कंपनी आपल्या पुरवठादारांकडे उत्सर्जनाचे आकडे मागते. युरोपीय संघाने लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा आयातीसाठी सीबीएएम, म्हणजे माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावर सीमेवर आकारणी करणारी व्यवस्था आणली. ऑक्टोबर २०२३ पासून ती अहवाल देण्यापुरती होती, जानेवारी २०२६ पासून पैशाची बाब झाली. कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्री पट्ट्यातून किंवा चाकणमधून माल निर्यात होत असेल, तर आपल्या मालाचा कोड त्या यादीत येतो का, हे निर्यात सल्लागाराकडून आजच तपासून घ्या.

कारखान्यात पहिली फेरी रविवारी मारा, यंत्रं बंद असताना. कॉम्प्रेसर चालू करून शॉप फ्लोअरवर नुसतं उभं राहा. सुसू आवाज येईल, तिथे तिथे खडूने खूण करा. सात बारच्या दाबाला हवेच्या नळीतल्या ३ मिलिमीटरच्या एका भोकातून तीन-साडेतीन किलोवॉट वीज वाया जाते. वर्षाला सहा हजार तास धरले तर किमान १८,००० युनिट, साडेबारा टन. पाच रुपयांच्या वॉशरने हे थांबतं. फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसला एक टन धातू वितळवायला साधारण साडेपाचशे ते सातशे युनिट लागतात. झाकण उघडं राहिलं, साच्यांची तयारी झाली नाही म्हणून वितळलेला धातू तसाच ताटकळत ठेवला, की हा आकडा वाढतो. शिफ्टवार युनिट आणि टन दोन्ही लिहिणारा फळा फर्नेसजवळ लावा. मेल्टरला रोज स्वतःचा आकडा दिसला की झाकण आपोआप पडायला लागतं. कन्सल्टंट बोलावण्याआधी एवढं करा.

कार्यालयांचं थोडक्यात: एसीचं सेटिंग, छतावरचं सौर, कर्मचाऱ्यांसाठी बस किंवा मेट्रोचा पास, आणि विमानाऐवजी रेल्वे किंवा व्हिडिओ बैठक. मुंबई-दिल्ली विमानाने एका माणसामागे एका फेरीला शंभर किलोच्या वर जातात.

कामगारांचा प्रश्न मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, आणि वणी-चंद्रपूर पट्ट्यात कोळशाच्या खाणींवर, वाहतुकीवर, टपऱ्यांवर, कंत्राटी कामावर हजारो घरं उभी आहेत. राज्याची वीज स्वच्छ व्हायला हवी, आणि ती या माणसांच्या जिवावर होता कामा नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१५ मध्ये न्याय्य स्थित्यंतराची मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांचा गाभा एकच: बदल ठरवताना कामगार टेबलावर हवेत, निर्णय झाल्यावर कळवायला नव्हे. कामगार संघटनेत असाल तर व्यवस्थापनाकडे तीन गोष्टी लेखी मागा. येत्या दहा वर्षांचा यंत्रबदलाचा आराखडा, कोणाला कोणतं नवं प्रशिक्षण मिळणार याची यादी, आणि कंत्राटी कामगारांचा त्यात समावेश. सौर बसवणारे, इन्व्हर्टर दुरुस्त करणारे, ऊर्जा ऑडिट करणारे हात आजही कमी पडतात. जवळच्या आयटीआयला बोलावून हे अभ्यासक्रम सुरू करा म्हणून मागे लागा.

पायरी ७: उरलेलं, आणि मग झाडं

सगळं करूनही काही टन उरतील. ते लपवू नका. कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कपातीचं प्रमाणपत्र, विकत घेऊन लगेच ‘आम्ही शून्य झालो’ असा फलक लावण्याचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याच आवारात वाया जाणारी वीज थांबवण्याआधी कुणीही क्रेडिटवर एक रुपया घालू नये. ते पैसे आधी पंख्यांत आणि पंपांत घाला. उरलेल्यासाठी झाडं लावा, तीही मोजून: स्थानिक जाती, दोन उन्हाळे टँकरचं पाणी देण्याची सोय, आणि तिसऱ्या वर्षी किती जगली त्याची नोंद. हिशोबात लावलेली नव्हे, जगलेली झाडं धरा.

दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीच वही काढा, तेच मीटर, तेच गुणक, आणि मागच्या वर्षाशेजारी नवा आकडा लिहा. ग्रिडचा गुणक प्राधिकरणाच्या नव्या आकड्याने बदलला असेल तर तसं बाजूला लिहून ठेवा, नाहीतर स्वच्छ झालेल्या ग्रिडचं श्रेय नकळत स्वतःला दिलं जातं. सोसायटीत हा कागद वार्षिक सभेच्या अहवालाला जोडा. गावात १ मे च्या ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि मोटरीचं व पथदिव्यांचं युनिट किती वाढलं-घटलं ते पंचायतीच्या फळ्यावर लिहा. कारखान्यात तो फर्नेसजवळच्या फळ्याशेजारी लावा, तारखेसकट, आणि खाली तो काढणाऱ्याचं नाव.